उमेदवारी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन संस्थेचे कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मराठीच्या अध्यापनात हयात घालवलेल्या माणसाने संतकाव्यावर किंवा कादंबरीवर काही बोलावे. मी विषय सांगितला, ‘अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीची विमानांच्या कारखान्यातील उमेदवारी’. कार्यवाह क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. वयपरत्वे होणाऱ्या विस्मरणाचा हा प्रकार असावा, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. परंतु मी भानावर राहूनच हा विषय निवडला आहे, आणि तो साहित्याच्या माणसाचाही विषय कसा आहे, हे सांगण्याचा आज प्रयत्न करणार आहे.

ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत तीन वर्षे मराठी शिकलो. सरांची एक सवय येथील जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. निबंधाच्या वहीत शेवटच्या ओळीखाली ते लाल शाईने ‘पाहिले’ एवढाच शब्द लिहीत, त्याखाली सही आणि तारीख. एकदा आमच्या वर्गातील एका खोडकर मुलाने निबंधाच्या मधोमध तीन ओळी बाजारच्या यादीच्या घातल्या. वही परत आली, तेव्हा त्या यादीतल्या ‘शेंगदाणे’ या शब्दावरचा चुकलेला अनुस्वार दुरुस्त केलेला होता आणि खाली नेहमीप्रमाणे ‘पाहिले’ होते. आम्ही हसलो. त्या शब्दाचे मोल मला उमगायला साठ वर्षे आणि एका मुलीची गोष्ट लागली.

ही मुलगी आपल्या शाळेची. दहावीपर्यंत ती याच इमारतीत मराठी माध्यमातून शिकली. तिचे वडील बी. ए.ला माझ्या वर्गात होते. दुसऱ्या वर्षी घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून ते उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर उभे राहिले आणि उत्तम टर्नर झाले. मुलगी यंत्र-अभियांत्रिकीला गेली. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दोन महिने प्रत्यक्ष कारखान्यात काम करायचे होते. तिने बंगळूरला विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारा एक कारखाना मिळवला. परत आल्यावर ती आपला अहवाल आणि रोजनिशी घेऊन माझ्याकडे आली. तिची एक अडचण होती. ती अडचण काय, हे मी पुढे सांगतो. तिची गोष्ट सांगण्याची परवानगी मी घेतली आहे. नाव सांगायचे नाही, असे आमचे ठरले आहे.

प्रथम शब्दाविषयी. आजची मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, ‘उमेदवारी’. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण माझ्या आजोबांच्या पिढीत ‘मामलेदार कचेरीत उमेदवारी करतो’ असे म्हणत, तेव्हा त्याचा अर्थ होता, पगाराविना अथवा नाममात्र पगारावर, पुढे कायम होण्याच्या आशेने, जुन्या कारकुनाच्या शेजारी बसून काम शिकणे. फारसीतील ‘उमेद’, म्हणजे आशा, या शब्दातच आहे. १९६१ मध्ये आपल्या संसदेने शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा केला, तेव्हा मराठीने त्यासाठी हाच शब्द योजला. ‘विद्यार्थी’ या शब्दात विद्या मागणे आहे. ‘उमेदवार’ या शब्दात काम अंगी येईल ही आशा आहे. पुस्तक वाचून जे येत नाही आणि जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहिल्यावरच येते, त्याचे हे नाव आहे.

विमानविद्येशी आपल्या भागाचा संबंध अगदीच परका नाही. आमच्या लहानपणी सांबऱ्याच्या बाजूने विमानाचा आवाज आला की आम्ही वर्गाच्या खिडकीकडे धावत असू. वायुसैनिकांना घडवणारी प्रशिक्षण संस्था तेथे आजही आहे. गेल्या दीड दशकात हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले आहेत. आणि भारतातील विमान-उद्योगाचा आरंभच मुळी एका सोलापूरकराने केला. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. महायुद्धाच्या धामधुमीत, विमान जवळून पाहिलेली माणसेही विरळा असताना, १९४१ मध्ये तेथे जुळवलेले पहिले हार्लो विमान उडाले. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे हे मूळ.

त्याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्यासारख्या आचार्यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. वायुगतिशास्त्राचा आधुनिक पाया ज्यांनी घातला, त्यांपैकी प्रांटल एक. घाटग्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी शिकवली आणि कारखान्यात विमानांची आखणीही केली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे दोन आसनी शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. पुढे किरण हे जेट शिकाऊ विमानही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले; ते १९६४ मध्ये प्रथम उडाले. ही दोन्ही विमाने लढण्यासाठी नव्हती, शिकण्यासाठी होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या वायुदलातील किती पिढ्यांची उमेदवारी त्यांत झाली!

घाटग्यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. त्याऐवजी ठाऊक असते, ते शिवकर बापूजी तळपदे यांचे. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. विद्यार्थिदशेत मीही वक्तृत्वस्पर्धेत सांगितली आहे आणि बक्षीसही मिळवले आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा हाती नाही. या कथेशी ज्या ‘वैमानिकशास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा संबंध जोडतात, तो १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांतला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तळपद्यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे. पण १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्या खेपेस बारा सेकंद आणि १२० फूट उडाले, हे जगाने मानले, ते त्यांनी वह्या ठेवल्या, मापे लिहिली, पंखांचे आकार वाऱ्याच्या बोगद्यात एकामागून एक तपासले म्हणून. त्यांचे इंजिन चार्ली टेलर नावाच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवले. आकाशात गेलेल्या प्रत्येक विमानामागे जमिनीवरचा असा एक कारागीर आणि अशी एक वही असते.

आता आपल्या मुलीकडे येतो.

पहिल्या आठवड्यात तिला कोणी कशालाही हात लावू दिला नाही. काम होते केवळ वाचण्याचे. विमानाच्या देखभालीची नियमपुस्तके इंग्रजीत असतात. मुलगी हुशार, पण इंग्रजीचा धाक मनात. ती लिहिते : ‘वाटलं होतं, कठीण शब्द असतील. पण वाक्यं तर चौथीच्या पुस्तकासारखी आहेत.’ याचे कारण तिने शोधून काढले आणि ते ऐकून मी, एक भाषेचा प्राध्यापक, थक्क झालो. युरोपातील विमान-उद्योगाने १९८० च्या दशकात नियमपुस्तकांसाठी एक नियंत्रित इंग्रजी तयार केली. पुस्तके वाचणाऱ्या तंत्रज्ञांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते, हे त्यामागचे कारण. तिचे नियम असे : एका शब्दाला एकच अर्थ. सूचनेचे वाक्य वीस शब्दांहून मोठे नसावे. एका वाक्यात एकच कृती सांगावी. ‘क्लोज’ हा शब्द ‘बंद करणे’ या अर्थी चालेल, ‘जवळ’ या अर्थी चालणार नाही.

मी तिला म्हणालो, “अगं, ही तर भाषेची कत्तल झाली. आम्ही आयुष्यभर शिकवले ते शब्दाचे अनेक पदर, श्लेष, ध्वनी, व्यंजना.” त्यावर ती म्हणाली, “सर, ‘लावा’ म्हणजे काय?”

मला प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, “दिवा लावा म्हणजे सुरू करा. दार लावा म्हणजे बंद करा. रोप लावा, रंग लावा, टोपी लावा, पट्टा लावा. मग मी कुणाला मराठीत सांगितलं की ‘तो व्हॉल्व्ह लावा’, तर त्यानं काय करायचं? बसवायचा की बंद करायचा?”

बंधुभगिनींनो, चाळीस वर्षे मी व्याकरण शिकवले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ‘काढणे’ घ्या. आपण चित्र काढतो, बूट काढतो, दूध काढतो, कर्ज काढतो आणि खोडीही काढतो. कवीला हे धन आहे. शिडीवर उभा राहून रात्री दोन वाजता काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हाच सापळा आहे. या मुलीने रोजनिशीच्या मागच्या पानांवर, आपल्या शाळेतून पुढे येणाऱ्या मुलांसाठी, साठ-सत्तर शब्दांचे एक टाचण केले आहे. जागेवर घालणे यासाठी ‘बसवा’. सुटे करणे यासाठी ‘उतरवा’. ‘बंद करा’ आणि ‘उघडा’ फक्त झडप, दार आणि झाकण यांसाठी. ‘आवळा’ म्हणजे मापाच्या पान्याने सांगितलेल्या आकड्याइतका पीळ द्या. ‘घट्ट करा’ हा शब्द वर्ज्य, कारण घट्ट म्हणजे किती, हे प्रत्येकाचा हात वेगळे सांगतो. कोणत्याही शासकीय परिभाषा-कोशापेक्षा हे टाचण मला मोलाचे वाटले, कारण ते कामाच्या जागी, गरजेपोटी जन्मले.

असे गद्य मराठीला नवे आहे, असेही नव्हे. राज्यव्यवहारकोश शिवकाळात झाला. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेला दिला. लेखणी, शाई, कागद, अक्षराचे वळण यांविषयीच्या त्या सरळ सूचना आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर ठेवावा, आरमारासाठी लाकूड कोणते तोडावे, रयतेची फळझाडे का तोडू नयेत, हे इतके नेमके सांगितले आहे की, वाचणाऱ्याला शंका उरू नये. भक्ती आणि वीररस यांच्या बरोबरीने आपल्या भाषेत ही तिसरी परंपराही होती, नेमके सांगण्याची. आम्ही प्राध्यापकांनी तिच्याकडे साहित्य नव्हे म्हणून पाठ फिरवली.

नेमकेपणा सुटला की काय होते, याचे एक उदाहरण तिला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना त्यातील इंधन संपले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. विमान नव्याने मेट्रिक मापांवर आले होते, पण लिटरांचे वजनात रूपांतर करताना पौंडाचा गुणक वापरला गेला. आकडे सारे बरोबर होते. एकक चुकले आणि विमानात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी ते विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर, इंजिने बंद असताना, एखाद्या घारीसारखे तरंगत उतरवले आणि सर्वजण वाचले. मला वाटते, एककाविना आकडा म्हणजे विभक्तीविना नाम. ‘राम रावण मारले’ असे कोणी लिहिले, तर शब्द सगळे हजर आहेत; मेला कोण, एवढेच कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून तिला एका जुन्या तंत्रज्ञाच्या हाताखाली दिले. हे गृहस्थ धारवाडकडचे, कानडी बोलणारे. तिने त्यांना ‘काका’ म्हणायला सुरुवात केली, आणि तो शब्द त्यांच्या घरीही तसाच असल्याने परकेपणा तेथेच संपला. सीमाभागातील आपल्या भांडणांविषयी मी आज बोलणार नाही. एवढेच सांगतो की, या मराठी मुलीचा उमेदवारीतला गुरू कानडी होता आणि तिच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी जी कृतज्ञता आहे, ती मला माझ्या अनेक संशोधक विद्यार्थ्यांच्या ऋणनिर्देशांतही दिसली नाही.

काकांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती हत्यारे मोजण्याची. तेथे प्रत्येक हत्यारपेटीत रबरासारख्या जाड तबकडीवर एकेका हत्याराच्या आकाराचा खड्डा कापलेला असतो. पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, प्रत्येकाची जागा ठरलेली. एक जरी खड्डा रिकामा असला, तरी लांबून दिसतो. पेटी घेताना मोजायची आणि नोंदवहीत सही करायची. परत करताना पुन्हा मोजायची आणि सही करायची. विमानाच्या पोटात राहिलेला एखादा लहानसा पाना सुकाणूच्या तारेत किंवा इंजिनात अडकला, तर त्याचे परिणाम सांगायला नकोत. विमानाच्या कामावर सही करण्याचा अधिकार परवानाधारक अभियंत्यांनाच असतो. या मुलीला सही करता येत होती ती फक्त हत्यारांच्या नोंदवहीत.

सहाव्या आठवड्यात एके संध्याकाळी तिच्या पेटीतला एक बिट कमी भरला. बिट म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला बसवायचा नखाएवढा तुकडा. तिने तीनदा मोजले. मग काकांना सांगितले. काकांनी अभियंत्याला सांगितले. काम थांबले. दिवसभरात बंद केलेले तक्ते पुन्हा उघडण्याचा हुकूम झाला, आणि पाच माणसे विजेऱ्या आणि आरसे घेऊन विमानाच्या जमिनीखाली शिरली. सहा वाजले, सात वाजले, नऊ वाजले. मुलगी त्यांच्याबरोबर शोधत होती. पण तिला एक गोष्ट माहीत होती, जी त्या पाचांना माहीत नव्हती. सकाळी पेटी घेताना तिने मोजलेच नव्हते. रांगेत पुढचे सारे जण वही ओढून घाईने सही करत होते, तशी तिनेही केली होती. बिट सकाळी पेटीत होता की नव्हता, हे तिला ठाऊक नव्हते. नोंदवही मात्र म्हणत होती की, होता.

तीन तास ती गप्प राहिली. रोजनिशीत त्या तीन तासांविषयी एकच वाक्य आहे : ‘वाटत होतं, आत्ता सापडेल आणि मग सांगावं लागणार नाही.’ सव्वानऊला तिने काकांना बाजूला बोलावून सांगितले. काकांनी काहीही न बोलता अभियंत्याला सांगितले. शोध विमानातून हत्यारखान्यात हलला, आदल्या पाळीच्या पेट्या उघडल्या, आणि वीस मिनिटांत तो बिट दुसऱ्याच एका पेटीत, दुसऱ्याच बिटाच्या खड्ड्यात, सापडला. तो विमानात कधी गेलाच नव्हता.

कोणी तिच्यावर ओरडले नाही. काका एवढेच म्हणाले, “पोरी, बिट हरवला त्याचं काही नाही. बिट हरवतोच. पण तुझी सहीच खोटं बोलली, तर आम्ही शोधायचं कुठं?” पुढचा आठवडा तिला विमानाजवळ जाऊ दिले नाही, हत्यारखान्यात बसून दुसऱ्यांच्या पेट्या मोजायला लावले.

तिची अडचण ही होती. अहवालात हा प्रसंग लिहावा की वगळावा? महाविद्यालयातील मार्गदर्शकांचे मत, वगळावा. गुण जातील, आणि पुढे नोकरीच्या वेळी कोणी वाचले तर नुकसान होईल. वडील म्हणाले, सरांना विचार. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. ‘उद्या ये’ म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण काकांचा प्रश्न मला उद्देशून होता.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका विद्यापीठाने माझ्याकडे पीएच. डी.चा एक प्रबंध परीक्षणासाठी पाठवला होता. पाचशेहून अधिक पानांचा. घरात लगीनघाई होती. मी पहिली दोन प्रकरणे वाचली, शेवटचे वाचले, मधली चाळली आणि ‘साद्यंत अवलोकन केले’ असे लिहून शिफारशीखाली सही केली. काही वर्षांनी एक तरुण संशोधिका एका हस्तलिखिताच्या कालनिर्णयासाठी त्या प्रबंधावर विसंबली. तिचे जवळजवळ वर्ष वाया गेले, कारण त्यातली तारीखच चुकीची होती. ती चूक मी न वाचलेल्या प्रकरणात होती, आणि वाचली असती तर माझ्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली होती, “सर, परीक्षक म्हणून तुमचं नाव होतं, म्हणून मी पुन्हा तपासलं नाही.” मी तिला खरे सांगितले नाही. मान हलवून चहा मागवला. शोधायचे कुठे, हे तिला माझ्या सहीने चुकीचे सांगितले होते. आमच्या क्षेत्रात विमाने पडत नाहीत. म्हणून आमच्या खोट्या सह्या वर्षानुवर्षे सुखाने उडत राहतात.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तेव्हा मी तिला ही हकीकत सांगितली आणि मग म्हणालो, “लिही. नावे घालू नकोस, कारखान्यातल्या इतरांच्या सवयीची सबब सांगू नकोस, पण सवय होती हे लिही. तू काय केलेस, केव्हा सांगितलेस, आणि त्या तीन तासांत पाच माणसांनी काय केले, ते ओळीने लिही. वीस शब्दांहून मोठे वाक्य नको.” ती हसली. तिने पाऊण पानात तो प्रसंग लिहिला. तिला गुण किती मिळाले, हे मी विचारलेले नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकीचा अहवाल मिटून त्या पाऊण पानावरच बराच वेळ प्रश्न विचारले, एवढे तिने कळवले.

तिने आपल्या अहवालात त्या प्रसंगाशेजारी एक घटना नोंदली आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनला निघालेल्या एका ब्रिटिश विमानाची वैमानिकासमोरची काच सुमारे १७,००० फुटांवर निखळली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवले आणि कप्तानासह सारे वाचले. चौकशीत आढळले की, काच बसवताना ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने इंचाच्या सव्वीस हजारांश भागाइतके कमी होते, आणि उरलेले ६ लांबीला कमी होते. ते बोल्ट बसवणारा माणूस आळशी नव्हता, नवखाही नव्हता. त्याने जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने नवा जुळवला. यादीतला क्रमांक पाहिला नाही. उद्यमबागेत तिचे वडील म्हणत, ‘हाताला कळतं.’ आणि ते खरेही आहे. मायक्रोमीटर हाती येण्यापूर्वी आटे नीट बसले की नाही, ते तिला वडिलांच्या हातानेच शिकवले. पण हाताला कळले तरी वहीत पाहावे, आणि वहीत लिहिले तरी हाताने मोजावे. एकावर विसंबून दुसरे सोडले, की ते सव्वीस हजारांश भागांचे अंतर पडते.

शेवटी आपल्या शाळेविषयी. मातृभाषेतून शिक्षण द्यावे, हा माझा आग्रह होता आणि आहे. या मुलीला शोध लावता आला, कारण ‘लावा’ हा शब्द तिच्या हाडीमाशी खिळलेला होता. परभाषेत शिकलेल्याला तो प्रश्नच पडला नसता. पण आम्ही मराठीचा अभिमान जितका शिकवला, तितकी मराठीतून नेमकी सूचना लिहायला शिकवली नाही. निबंध शिकवला, ‘मी फूल झालो तर’ लिहून घेतले. सायकलचे चाक उतरवून पुन्हा कसे बसवावे, हे दहा वाक्यांत लिहून घेतले नाही. माझी संस्थेला नम्र सूचना आहे की, आठवी-नववीच्या वर्गांत वर्षातून चार तरी असे लेख लिहून घ्यावेत. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने, काहीही न विचारता, वाचून ते काम करून दाखवावे. चाक बसले तर भाषा बरोबर. यासारखा कठोर आणि प्रामाणिक परीक्षक दुसरा नाही. त्या मुलीचे टाचण मी सोबत आणले आहे. ते शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यास तिने संमती दिली आहे. मुलांनी त्यात भर घालावी आणि खोडावे.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वह्यांचे गठ्ठे मोठे असतात, वेळ थोडा असतो, हे मी जाणतो. तीच सबब मीही पुढे केली होती. तरी लाल शाईने ‘पाहिले’ लिहिताना क्षणभर थांबा. ज्या वह्या पाहून झाल्या नसतील, त्यांवर ‘पाहायचे आहे’ असे लिहिले, तरी मुलांचे काही बिघडणार नाही. सरांनी बाजारच्या यादीतला अनुस्वार दुरुस्त केला, तेव्हा आम्ही हसलो होतो. आज कळते की, आपली सही खरी राहावी म्हणून ते शेंगदाण्यांपर्यंत वाचत गेले होते. उमेदवारी आमची चालली होती, आणि ती कशाची आहे हे आम्हांला ठाऊकही नव्हते.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून माझे बोलणे संपवतो.